मुकादमाचे पंख

ताईच्या घरी पक्षी आला तो चालत. म्हणजे आणला होता पिंजऱ्यातूनच, पण पिंजऱ्याचं दार उघडल्याबरोबर तो लादीवर उतरला, मान वाकडी करून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं, आणि जागा पसंत पडल्यासारखा तडक शिवणाच्या खोलीत निघून गेला. कटिंगच्या टेबलाखाली पडलेल्या चिंध्या त्याने चोचीने एकेक करून उलटवल्या. मग वर बघून असा काही आवाज काढला की ताईला वाटलं, आता हा विचारणार, कालचं काम अजून तसंच का पडलंय?

"मुकादम आलाय," दारात उभा असलेला भाऊ म्हणाला. झालं, तेच नाव पडलं.

कॉकाटील जातीचा, छोट्या पोपटासारखा पक्षी. राखाडी अंग, पिवळा तुरा, आणि गालांवर दोन नारिंगी ठिपके, जणू कुणी घाईघाईत पावडर-लाली करून पाठवलंय. आणला होता ताईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने. हे आजोबा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, त्यांचे कोट ताई उसवून-शिवून जगवायची. आता ते मुलीकडे राहायला निघाले होते आणि मुलीकडे दोन मांजरं होती. "मांजरांना मी समजावू शकत नाही आणि याला बोलून उपयोग नाही," आजोबा म्हणाले. पंखांची लांब पिसं त्यांनीच कापून आणली होती. लहानपणापासून तो कधी उडालाच नव्हता. उडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

घरात माणसं दोनच. ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ताईने लग्न केलं नाही, भाऊने केलं ते टिकलं नाही. मग दोघांनी मिळून चौथ्या मजल्यावरची ही जागा घेतली. पुढच्या खोलीत ताईचं शिवणकाम. भाऊ जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडला आणि आता निवृत्त होऊन घरातल्या, दुरुस्तीची गरज नसलेल्या वस्तू दुरुस्त करत बसायचा. दिवसातून दोनदा भांडण व्हायचं. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. मध्ये कामं असायची.

मुकादम आला आणि घराला एक वेगळाच आवाज मिळाला. लादीवर नखांचं टिकटिक, टिकटिक. ताई स्वयंपाकघरात गेली की हा मागे. ताई आंघोळीला गेली की हा दाराबाहेर उभा राहून शीळ घालणार, आणि आतून ताईने "आले रे बाबा!" म्हटल्याशिवाय गप्प बसणार नाही. ती मशीनवर बसली की तिचा उजवा पाय पायपट्टीवर आणि डाव्या पायावर मुकादम. तिथेच तो डुलक्या काढायचा. पायाला मुंग्या आल्या तरी ताई पाय हलवायची नाही. गिऱ्हाइकाला दोरा-बटणं दाखवायची असली तर भाऊला हाक मारायची, "अरे, जरा ते खोकं दे ना, माझ्या पायावर माणूस झोपलाय."

भाऊ खोकं द्यायचा आणि म्हणायचा, "माझ्यासाठी कधी उठायची नाहीस ती नाहीसच, आता कारणही मिळालं."

मग एके दिवशी मुकादमाची पिसं झडायला लागली. कपाटामागे पिसं, मशीनच्या खणात पिसं, एका बाईंच्या नव्या ब्लाउजच्या अस्तरात पिसं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो खात-पीत होता, चिंध्यांची तपासणी रोजच्यासारखी करत होता. पंखात जुन्या तुटक्या पिसांच्या जागी पांढऱ्या काड्या दिसायला लागल्या आणि त्या काड्यांमधून नवी, लांब, गुळगुळीत पिसं. ताईला वाटलं, चला, नवे कपडे आले याला.

ते कपडे कशासाठी असतात हे पुढच्याच आठवड्यात कळलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका फिटिंगला आल्या होत्या. बुटक्या स्टुलावर उभ्या, दोन्ही हात आडवे, बाह्यांना जागोजागी टाचण्या. मुकादम खुर्चीवरून चढत चढत कटिंगच्या टेबलावर आला होता आणि खडू कुरतडत होता. "दंडात जरा घट्ट होतंय," असं म्हणून मुख्याध्यापिकांनी एक हात झटकन वर केला. मुकादम दचकला. दचकल्यावर तो नेहमी पंख फडफडवून जागच्या जागी उडी मारायचा. तशी त्याने मारली, पण खाली आलाच नाही.

खोलीला एक चक्कर झाली. दुसरी झाली. तुरा मागे चपटा, डोळे वटारलेले. वळायचं कसं हे काही त्याला जमेना, म्हणून तो सरळ गेला, आणि सरळ आरसा होता. थाडकन आपटून तो आरशावरून घसरत खाली आला आणि लादीवर बसला. तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. सगळ्यात जास्त आश्चर्य मुकादमालाच वाटलेलं दिसत होतं.

"बाई, हा उडतो?" हात तसेच आडवे ठेवून मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"मघापर्यंत नव्हता उडत," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य गेलं. मुकादम उडायला शिकला, पण उतरायला नाही. पडद्याच्या दांडीवर जायचा आणि तिथून हाका मारत बसायचा. पांढऱ्या गाऊनवर त्याने असं काही करून ठेवलं की ताईला अख्खा पुढचा भाग बदलून द्यावा लागला. एकदा तापलेल्या इस्त्रीच्या दिशेने असा झेपावला की ताईने हातातलं जाकीट मध्ये फेकलं आणि मुकादम त्यात गुंडाळला गेला. आणि मग ती पंख्याची दुपार आली.

उकाड्यामुळे छताचा पंखा गरगरत होता. मुकादम पिंजऱ्यातून कधी बाहेर आला ते दोघांनाही कळलं नाही. तो थेट वर निघाला. भाऊ पेपर टाकून बटणाकडे धावला, ताई नुसती ओरडली. पंखा बंद झाला, पण पाती फिरतच होती. मुकादम त्यांच्या खालून निसटला आणि कपाटावर जाऊन बसला. एक लांब पीस मात्र गिरक्या घेत खाली आलं आणि मशीनवर पडलं.

ताई मटकन खुर्चीत बसली. मग तिने ते पीस उचलून हातात धरलं.

"कापायचे पंख," शेवटी ती म्हणाली.

"अजिबात नाही," भाऊ म्हणाला.

"मरेल तो!"

"म्हणून काय पंख कापायचे? मागच्या वर्षी तू जिन्यात पडलीस, तुझे पाय कापले का आम्ही?"

"पाय आणि पंख सारखे नाहीत. पिसं पुन्हा येतात. आजोबा कापतच होते की. तेव्हा काय तो दुःखी होता? छान हिंडत होता घरभर. मला कात्री धरता येते, पाच मिनिटांचं काम आहे."

"कापड चुकलं तर जोड देशील. हा चुकला तर काय करशील?"

ताईने टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मुकादमाला भोकं पाडलेल्या डब्यात घालून दोघं डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी होती, केसांना रबर लावलेलं, हातावर चोचींचे ओरखडे. तिने मुकादमाला रुमालात धरलं, एक पंख हळूच उघडला आणि दिव्यासमोर धरला.

"कापताना दुखत नाही, नखं कापतो तसंच असतं," ती म्हणाली. "पण आज मी कापणार नाही. हे बघा, मुळाशी निळसर दिसतंय ना? ही पिसं अजून वाढतायत, त्यांच्यात रक्त आहे. आत्ता कात्री लावली तर धार लागेल. पूर्ण वाढू देत, मग या."

घरी बसल्या बसल्या, शिवणाच्या कात्रीने, पाच मिनिटांत ताई हेच करणार होती. तिने भाऊकडे बघितलं नाही. भाऊ भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला.

"मग तेव्हा कापाल?" ताईने विचारलं.

"तेव्हाही तुम्हाला वाटलं तर. मी नाही म्हणणार नाही. पंख्यात सापडून मेलेला पक्षी बघण्यापेक्षा मी पंख कापलेला बघेन. पण तोपर्यंत पंख्याचंच काही करता येतं का ते बघा."

हे वाक्य डॉक्टरने भाऊसमोर बोलायला नको होतं. तो घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात नकाशा तयार होता.

"लिफ्टचं दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलते का? नाही हलत. तसंच करायचं. पिंजऱ्याचं दार बंद असेल तरच पंखा चालू होईल."

दोन दिवस वायरी पसरल्या, ताईची गिऱ्हाइकं त्यावरून पाय उचलून चालली. तिसऱ्या दिवशी भाऊने पिंजऱ्याचं दार लावलं आणि छताचा पंखा फिरायला लागला. त्याने विजयी मुद्रेने ताईकडे बघितलं. ताईने पडद्याच्या दांडीकडे बोट दाखवलं. मुकादम तिथे बसला होता. पिंजरा रिकामा होता, दार बंद होतं आणि पंखा जोरात फिरत होता.

भाऊने मुकाट्याने बटण बंद केलं. मग त्याने पिंजऱ्यातल्या दांडीखाली एक स्प्रिंग बसवली. मुकादमाचं वजन दांडीवर असेल तरच पंखा चालणार. हे चाललं. फक्त मुकादम दाणे खायला दांडीवरून उतरला की पंखा बंद पडायचा, आणि परत येऊन बसला की सुरू व्हायचा. त्या दुपारी तो बऱ्याच वेळा जेवला. शेवटी पंखा आपल्या हुकुमात आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण भूक नसतानाही तो चढ-उतार करायला लागला.

"यापेक्षा मी उकाड्याने मेले तरी चालेल," घाम पुसत ताई म्हणाली. "अरे, जाळीवाला टेबलपंखा मिळतो बाजारात!"

भाऊने हातातला पेचकस खाली ठेवला. "मिळतो खरा," तो म्हणाला आणि चपला घालून गेला.

टेबलपंखा आला. खिडक्यांना भाऊने जाळीच्या चौकटी बसवल्या, अगदी सफाईने. इस्त्रीसाठी कोपऱ्यात एक पेटी केली. आरशावर ताईने रंगीत रिबिनीचे तुकडे चिकटवले. मुकादमही हळूहळू सुधारला. खोलीत वळण घ्यायला शिकला, टेबलावर उतरायला शिकला. गिऱ्हाइकं त्याला बघायला म्हणून फिटिंगला लवकर यायला लागली.

पिसं पूर्ण वाढली तेव्हा एके सकाळी ताई म्हणाली, "उद्या नेऊन आणते त्याला. पंख कापून."

भाऊने चहाचा कप खाली ठेवला. "आता कशाला? पंखा झाला, खिडक्या झाल्या, इस्त्री झाली. राहिलं काय आता?"

"कापायचे म्हणजे कापायचे."

"अगं पण का?"

"मी सांगितलं ना."

तिने काहीच सांगितलं नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं. भाऊ उठून गॅलरीत गेला. त्या दिवशी दोघांचा अबोला सुरू झाला. संध्याकाळचं भांडण झालं नाही आणि त्यामुळे घर फारच ओकंबोकं वाटलं. भाऊ मोठ्याने म्हणायचा, "मुकादम, तुझ्या ताईला सांग, चहा झालाय." ताई म्हणायची, "मुकादम, त्याला सांग, माहितीये." मुकादम दांडीवरून दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि निरोप कुणालाच पोचवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच निघाली. डबा मांडीवर धरून ती दवाखान्यात बसली. शेजारी एक लठ्ठ कुत्रा आणि त्याचा तितकाच लठ्ठ मालक होता. नंबर आला.

मदतनीस मुलाने मुकादमाला रुमालात धरलं आणि डॉक्टरने पंख तपासले. "मस्त वाढलेत. आता कापता येतील." मग तिने पंख्याचं विचारलं. ताईने पंख्याचं सांगितलं, खिडक्यांचं सांगितलं, पेटीचं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरची भुवई वर गेली. "एवढं सगळं केलंत, मग आता कापायचे कशासाठी?"

ताई आपल्या हातरुमालाची घडी करत राहिली. घरी भाऊला तिने जे सांगितलं नव्हतं ते या परक्या मुलीला सांगणं सोपं वाटलं.

"पूर्वी तो माझ्यामागे चालत यायचा," ती म्हणाली. "पायावर बसायचा. आता वरच बसतो." आणि बोलून झाल्यावर, आपण हे काय बोलून बसलो असं वाटून ती कानापर्यंत लाल झाली. "वेड्यासारखं आहे, माहितीये मला."

"वेड्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाली आणि कात्री घ्यायला वळली.

तेवढ्यात बाहेर तो लठ्ठ कुत्रा भुंकला. एकदाच, पण असा की काचेच्या बाटल्या किणकिणल्या. मुकादम मदतनिसाच्या रुमालातून सटकला. औषधांच्या कपाटावर गेला, तिथून ट्यूबलाइटवर, तिथून पुन्हा कपाटावर. डॉक्टर स्टुलावर चढली. मदतनीस रुमाल पसरून खालून धावत होता आणि प्रत्येक वेळी, मुकादम उडून गेल्यावर, रिकाम्या जागेवर झडप घालत होता. कुत्र्याला चेव आला. एक वजनकाटा पडला. "दार लावा! दार लावा!" डॉक्टर ओरडली.

ताई खुर्चीतून उठलीच नाही. नुसती मान वर करून बघत राहिली.

मुकादमाने खोलीला एक मोठा फेरा घातला. कपाट होतं, पडदा होता, दिवा होता, भिंतीवरचं घड्याळ होतं. सगळ्यांवरून तो गेला, आणि मग सुरेख वळण घेऊन खाली आला आणि ताईच्या अंबाड्यावर उतरला. पाय रोवून बसला. त्याच्या अंगाची थरथर तिला केसांतून डोक्यापर्यंत जाणवली. हळूहळू तो पुढे सरकला, खांद्यावर उतरला आणि तिच्या मानेला गाल लावून त्याने डोळे मिटले.

मदतनिसाने रुमाल खाली घेतला. कुत्रासुद्धा गप्प झाला.

ताईच्या मनात आलं, चालत होता तेव्हा बिचारा जाणार तरी कुठे होता? लादीवर मी आणि चिंध्या, एवढंच तर होतं. आज कुठेही बसता आलं असतं त्याला.

डॉक्टर स्टुलावरून उतरली. हातात कात्री तशीच होती. "तर मग?" तिने हळू आवाजात विचारलं.

ताईने मानेला हात लावला. "याची नखं फार वाढलीत हो," ती म्हणाली. "माझ्या मानेत रुततायत. आलोच आहोत तर तेवढी कापून द्या."

डॉक्टर हसली. नखं कापायला खरंच पाच मिनिटं लागली नाहीत. मग तिने ताईला खांद्यावर दाणे ठेवून हाक मारायची कशी, आल्यावर लगेच द्यायचे कसे, ते दाखवलं. "रोज थोडं थोडं. नाही आला तर रागवायचं नाही."

"ते जरा अवघड आहे," ताई म्हणाली. "मी मोठी बहीण आहे."

घरी आली तेव्हा भाऊ दारातच होता. तो काही बोलला नाही, अबोला होता ना. ताईने डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. मुकादम बाहेर आला, पंख झटकले, आणि एका भरारीत पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला.

भाऊ वर बघत राहिला. मग ताईकडे बघितलं. मग पुन्हा वर.

"नाही कापले?"

"नाही."

"का?"

"नाही कापावेसे वाटले."

भाऊचा चेहरा आधी उजळला आणि मग, का कोण जाणे, पडला. तो खुर्चीत बसला. "ताई, मी काल रात्रभर मुद्दे काढले होते गं. तू परत आलीस की तुला एकेक ऐकवणार होतो. असे बिनतोड मुद्दे होते की तुला उत्तरच सुचलं नसतं."

ताईला आधी हसू आलं, पण त्याचं तोंड खरंच एवढंसं झालं होतं. तिने ताटं मांडली, भाजी वाढली, पाणी भरलं आणि त्याच्यासमोर बसली.

"सांग," ती म्हणाली.

"आता काय उपयोग?"

"अरे सांग तर. मी अजून कापायच्याच बाजूची आहे असं समज."

भाऊने घास बाजूला ठेवला, बाह्या सरसावल्या आणि सुरुवात केली. पहिला मुद्दा हवेबद्दल होता. दुसरा लिफ्टबद्दल निघाला, आणि पक्ष्याशी त्याचा काय संबंध हे कळेपर्यंत भाजी गार झाली. ताई मन लावून ऐकत होती. मध्येच तिच्या लक्षात आलं, समोरून कुणी विरोधच करत नसल्यामुळे त्याला म्हणावी तशी रंगत येत नाहीये. तेव्हा तिने हातातला चमचा ताटावर आपटला आणि म्हणाली, "साफ चूक! मला हे अजिबात पटलेलं नाही."

भाऊचे डोळे चमकले. तो खुर्ची पुढे ओढून बसला.